३.४ ऑनलाइन ज्ञानस्रोत आणि व्यक्तिसहाय्य कार्य

सेवार्थीची अडचण मुलाखतीतून कळते. त्याचे हक्क मात्र समाजकार्यकर्त्याला स्वतः शोधावे लागतात. आज हा शोध बहुधा मोबाइलवरच सुरू होतो.

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील एक प्रसंग कल्पून पाहा. प्रेस यंत्रावर काम करताना एका कंत्राटी कामगाराची दोन बोटे चिरडली. कामावर लागून त्याला जेमतेम वीस दिवस झाले होते. राज्य विम्यात त्याची नोंद होती. ‘घरी बसावे लागेल, तेवढ्या दिवसांचे पैसे मिळतील का?’ एवढेच त्याने विचारले. क्षेत्रकार्यासाठी आलेल्या विद्यार्थिनीने ‘राज्य विमा, आजारपण, रजा’ या शब्दांनी शोध घेतला. सहा महिन्यांच्या अंशदान कालावधीत किमान ७८ दिवसांचे अंशदान हवे, असे तिला आढळले. लाभ मिळणार नाही, असे तिने त्याला सांगून टाकले.

तिने वाचलेला नियम खरा होता, पण तो आजारपणाच्या लाभाचा होता. कामावरील अपघाताने येणाऱ्या तात्पुरत्या अपंगत्वाला ७८ दिवसांची अट लागू नाही. हे संरक्षण विमापात्र नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असते. अपघाताचा दिवस वगळून असमर्थता किमान तीन दिवस टिकली, की सरासरी वेतनाच्या सुमारे ९० टक्के दराने लाभ मिळतो. आजारपणात हा दर ७० टक्के आहे. सेवार्थी ‘रजा’ म्हणतो, कायदा ‘कामावरील इजा’ म्हणतो. शोधाचा शब्द ठरवण्यापूर्वी हे अंतर ओळखावे लागते. शोधयंत्राला दोष देणे सोपे आहे, परंतु येथे चुकला होता तो प्रश्न.

दुसरा धोका जुन्या माहितीचा. या योजनेची मासिक वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून १५,००० वरून २१,००० रुपये झाली. जुन्या मर्यादेवर विसंबणारा कार्यकर्ता १८,००० रुपये वेतनाच्या कामगाराला योजनेबाहेर ठरवील. म्हणून माहिती कोणी प्रसिद्ध केली आणि कोणत्या तारखेला, हे आधी पाहावे. महामंडळाच्या अधिकृत संकेतस्थळाशी ती ताडावी आणि नकार कळवण्यापूर्वी शाखा कार्यालयात विचारून खात्री करावी. पाहिलेल्या पानाचे नाव व दिनांक प्रकरण-नोंदीत लिहावेत. शोध घेताना सेवार्थीचे नाव किंवा आधार क्रमांक कोठेही टंकू नये.

स्वयंअध्ययन प्रश्न : वरील विद्यार्थिनी दुसऱ्या दिवशी त्या कामगाराला पुन्हा भेटली, तर तिने त्याला काय सांगावे? पाच-सहा वाक्यांत लिहा.