स्त्रियांचे विरळ केस आणि केशरोपण

स्त्रियांना टक्कल पडत नाही, असे प्राचीन ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने लिहून ठेवले आहे. त्याचे निरीक्षण सर्वस्वी चुकीचे होते असे म्हणता येणार नाही. पुरुषाचा माथा जसा पार उघडा पडतो तसा स्त्रीचा क्वचितच पडतो. परंतु टक्कल न पडणे आणि केस न जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. स्त्रीचे केस जाऊ लागले म्हणजे कपाळावरील केसांची रेषा बहुधा जागच्या जागी राहते, आणि तिच्या मागे, माथ्यावर, भांग हळूहळू रुंदावत जातो. वेणीचे पेड बारीक होतात. अंबाडा लहान होतो. केस बांधण्याच्या रबराला पूर्वी दोन वेढे पुरत, तेथे तीन द्यावे लागतात. घरातील इतरांच्या ध्यानात येण्यापूर्वी कितीतरी दिवस त्या स्त्रीला हे ठाऊक झालेले असते, आणि पुष्कळदा ती ते कोणापाशी बोलत नाही. केस विरळ होण्याच्या या रीतीचे तीन पायऱ्यांत केलेले जे वर्गीकरण डॉक्टर आजही वापरतात, ते एरिख लुडविग यांनी १९७७ साली प्रसिद्ध केले.

अशा स्त्रीच्या मनात आज केशरोपणाचा विचार येणे स्वाभाविक आहे. ही शस्त्रक्रिया आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही, आणि तिच्या जाहिराती सर्वत्र दिसतात. त्यांतील छायाचित्रे मात्र बहुतेक पुरुषांची असतात, ही गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. तिला शास्त्रीय कारण आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय स्त्रीने या शस्त्रक्रियेसंबंधी निर्णय घेणे धोक्याचे ठरते.

गंमत अशी की, या शस्त्रक्रियेच्या आरंभीच्या इतिहासात स्त्रियांना बरेच महत्त्वाचे स्थान आहे. जपानमध्ये शोजी ओकुदा यांनी १९३९ साली केसांसह त्वचेचे लहान गोल तुकडे काढून ते व्रणांमुळे केस गेलेल्या जागी बसविण्याची पद्धत वर्णन केली. त्यानंतर १९४३ मध्ये हाजिमे तामुरा यांनी जननांगावर केस नसलेल्या स्त्रियांवर हाच प्रयोग केला, आणि तोही अगदी लहान, एकेका केसाचे रोप वापरून. महायुद्धाच्या धामधुमीत जपानी भाषेतील हे लेखन पाश्चात्त्य जगाला अज्ञातच राहिले. पुढे न्यूयॉर्कमधील त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ऑरेंट्राइश यांनी स्वतंत्रपणे हेच काम हाती घेतले आणि १९५९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचे रुग्ण मुख्यतः टक्कल पडलेले पुरुष होते, आणि त्यानंतरचे सारे केशरोपणशास्त्र पुरुषाचे डोके समोर ठेवूनच वाढले.

ऑरेंट्राइश यांनी एक साधा पण निर्णायक प्रयोग केला. डोक्याच्या मागील बाजूचा केसाळ तुकडा त्यांनी पुढील टकलाच्या जागी लावला, आणि टकलाचा तुकडा मागील केसांत लावला. पहिल्या तुकड्यातील केस नव्या जागी वाढत राहिले. दुसरा तुकडा दाट केसांनी वेढलेला असूनही उजाडच राहिला. याचा अर्थ असा की, केसाचे भवितव्य तो कोठे लावला आहे यावर अवलंबून नसून तो कोठून आणला आहे यावर अवलंबून असते. पुरुषाच्या टकलास कारणीभूत होणाऱ्या पौरुषदर्शक संप्रेरकांचा परिणाम पुढच्या व माथ्यावरच्या केसांवर होतो, मागच्या व कानांवरच्या केसांवर बहुधा होत नाही. म्हणूनच पूर्ण टक्कल पडलेल्या वृद्धाच्या डोक्याभोवतीही केसांची एक झालर उरते. त्या झालरीतील केस पुढे आणले तरी आपला मूळचा स्वभाव सोडत नाहीत. केशरोपणाची सारी इमारत या एका गोष्टीवर उभी आहे. तीत नवा केस निर्माण होत नाही. एका जागचा केस दुसऱ्या जागी जातो, एवढेच. बहिणीचे किंवा आईचे केस लावता येतील काय, असा प्रश्न काही स्त्रिया विचारतात. त्याचे उत्तर नकारार्थी आहे. परक्या शरीराचा केस टिकवून ठेवण्यासाठी शरीराची प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतील, आणि केसांसाठी ती किंमत कोणीही सुज्ञ डॉक्टर मोजू देणार नाही. अपवाद फक्त एकरूप जुळ्या बहिणीचा.

आता स्त्रीचा विचार करू. तिचे केस कित्येकदा एका ठिकाणी न जाता सर्वत्र थोडेथोडे विरळ होतात. माथ्यावर ते अधिक जाणवते, पण मागील बाजूचे केसही बारीक व आखूड होऊ लागलेले असतात. म्हणजे ज्या ठेवीवर हात घालायचा तीच ठेव झिजत चाललेली असते. अशा जागेतील केस काढून भांगात लावले, तर ते काही वर्षांनी तेथेही बारीक होऊन जाणार, आणि मागची जागा आधीच रिकामी केलेली असणार. या कारणाने काळजीपूर्वक काम करणारा शल्यचिकित्सक स्त्रीच्या भांगाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक लक्ष तिच्या मानेवरील केसांकडे देतो. भिंगाखाली तेथील केसांची जाडी पाहिली असता सारे केस साधारण सारखे आहेत की जाड केसांमध्ये बारीक, लवेसारखे केस मिसळले आहेत, हे कळते. अशा बारीक केसांचे प्रमाण बरेच असेल तर शस्त्रक्रिया न करणे हाच योग्य सल्ला होय. ज्या ठिकाणी ही तपासणी न करताच किती रोपे लावायची याचा आकडा सांगितला जातो, तेथून उठून यावे.

आकड्यांचा हिशेबही उद्‌बोधक आहे. केस त्वचेतून एकेकटे उगवत नाहीत. एक ते चार केसांचे लहान गट असतात, आणि १९८४ मध्ये जे. टी. हेडिंग्टन यांनी या नैसर्गिक गटांचे वर्णन केल्यानंतर रोप म्हणून हेच गट वापरण्याची पद्धत पुढे रूढ झाली. समजा, एका स्त्रीच्या माथ्यावरील १०० चौरस सेंटिमीटर जागा विरळ झाली आहे आणि एका बैठकीत १,५०० गट लावले. दर गटात सरासरी दोन केस धरले तर ३,००० केस झाले, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ३०. निरोगी डोक्यावर तेवढ्याच जागेत १५० ते २०० केस असतात. सगळीकडे सारखे पसरले तर हे ३० केस फारसे जाणवणार नाहीत. तेच केस कपाळामागील आणि भांगालगतच्या ३५ चौरस सेंटिमीटरांत लावले, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ८५ केसांची भर पडते आणि फरक दिसू लागतो. अर्थात तेथे मूळचे केस शिल्लक असतील तर त्यांना इजा न करता इतकी रोपे दाटीने बसविता येत नाहीत, आणि प्रत्यक्षातील भर कमी राहते. यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही स्त्रीला पंचविसाव्या वर्षीची वेणी परत मिळत नाही. तिला मिळतो तो झाकला जाणारा भांग. पुष्कळ स्त्रियांना तेवढे पुरेसे असते, आणि ते पुरेसे आहे की नाही हे त्यांनीच ठरवावयाचे असते. पण ठरविण्यापूर्वी ते त्यांना स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

याहूनही मोठी चूक होते ती निदानात. केस गळणे आणि केस विरळ होत जाणे हे दोन्ही अनुभव स्त्रीला सारखेच भासतात, पण त्यांच्यामागील प्रक्रिया भिन्न असते. डोक्यावरील सुमारे एक लाख केसांपैकी बहुतेक कोणत्याही वेळी वाढीच्या अवस्थेत असतात. थोडे विश्रांतीत असतात, आणि ते दोन-तीन महिन्यांनी गळून पडतात. दररोज ५० ते १०० केस जाणे यामुळेच स्वाभाविक असते. तीव्र ताप, मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण, उपासमारीसारखा आहार किंवा जबर मानसिक धक्का यांमुळे एकाच वेळी पुष्कळ केस विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनंतर न्हाताना मुठीत येऊ लागतात. टायफॉईडनंतर केस जातात, हे आपल्याकडील आज्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होते. २०२० व २०२१ साली कोविडमधून उठलेल्या असंख्य स्त्रियांनी तेच अनुभवले. ताप उतरून गेलेला असतो, मधे दोन-तीन महिने लोटलेले असतात, त्यामुळे कार्यकारणाचा धागा त्या स्त्रीला दिसत नाही, आणि घाबरून ती मिळेल तो उपाय करू पाहते. या गळतीत केसाचे मूळ शाबूत असते. सहा महिने ते वर्षभरात केस बहुधा आपोआप परत येतात. अशा काळात केशरोपण करणे म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर शेताला विकतचे पाणी देण्यासारखे आहे.

रक्तक्षय, अवटू म्हणजे थायरॉईड ग्रंथीचे विकार आणि अनियमित मासिक पाळीमागील संप्रेरकांचे असंतुलन यांचाही शोध शस्त्रक्रियेआधी घेतला पाहिजे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. लोहाच्या कमतरतेमुळेच भांग रुंदावतो असे मात्र समजू नये. कित्येक स्त्रियांमध्ये दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी असतात आणि रक्तक्षयावर उपचार तर केलाच पाहिजे. येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांमुळे थायरॉईडसह काही रक्ततपासण्यांचे निष्कर्ष चुकीचे येऊ शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला. तेव्हा या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे.

आणखी एक विकार आहे. ऑस्ट्रेलियातील स्टीव्हन कोसार्ड यांनी १९९४ साली त्याचे वर्णन केले. पाळी थांबलेल्या वयातील स्त्रियांमध्ये कपाळावरील केसांची रेषा एका पट्ट्यासारखी मागे सरकत जाते, आणि पुष्कळदा भुवयाही विरळ होतात. येथे दाहामुळे केसांची मुळेच नष्ट होऊन त्या जागी व्रण तयार होतो. वरवर पाहता कपाळ रुंद झाल्यासारखे दिसते, म्हणून रोपणाचा मोह होतो. परंतु लावलेले केसही काही वर्षांत त्याच दाहाला बळी पडण्याचा संभव मोठा असतो. संशय आल्यास त्वचेचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मग ही शस्त्रक्रिया कोणत्या स्त्रियांना उपयोगी पडते? ज्यांचे केस केवळ माथ्यावर विरळ झाले आहेत, मागील केस दाट व सारख्या जाडीचे आहेत आणि केस जाण्याचा वेग औषधांनी मंदावला आहे, त्यांना. जन्मतःच कपाळ उंच असलेल्यांना. भाजल्यामुळे अथवा अपघातामुळे व्रण राहिलेल्यांना. वर्षानुवर्षे घट्ट वेण्या, ओढून बांधलेले केस किंवा जड कृत्रिम केसांचा ताण यांमुळे कानशिलांवरील केस गेलेल्यांनाही तिचा चांगला लाभ होतो. अट एवढीच की तो ताण कायमचा थांबला पाहिजे.

औषधांविषयी थोडेसे. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबावरचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागल्याने त्याचा हा गुण लक्षात आला. स्त्रियांनी डोक्याला लावण्याचे दोन टक्क्यांचे द्रावण अमेरिकेत १९९१ साली मान्य झाले. आरंभीचे काही आठवडे त्याने गळती वाढल्यासारखी वाटते, आणि घाबरून ते सोडून देणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत. परिणाम पाहण्यास निदान सहा महिने द्यावे लागतात, आणि ते बंद केले की मिळालेला लाभ काही महिन्यांत ओसरतो. गरोदरपणी व अंगावर पाजताना ते वापरीत नाहीत. शस्त्रक्रियेने औषधाची गरज संपत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. रोपांच्या मधले मूळचे केस आपल्या गतीने जातच असतात.

शस्त्रक्रिया करणारा हात कोणाचा, हा प्रश्न विचारण्यास संकोच वाटू नये. भारतात राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली यासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून घेतलेले ज्ञान केशरोपण सुरू करण्यास पुरेसे शिक्षण नव्हे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. जागा बधिर करण्याचे इंजेक्शन कोण देणार, छेद कोण घेणार आणि त्या वेळी डॉक्टर खोलीत असणार काय, हे आधी विचारून घ्यावे.

रोपे मिळविण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत मागील बाजूची त्वचेची अरुंद पट्टी काढून जखम शिवतात आणि पट्टीतील गट सुटे करतात. दुसरीत बारीक पोकळ हत्याराने एकेक गट काढतात. दुसरीसाठी मागचे केस बऱ्याच भागात कापावे लागतात, म्हणून लांब केस राखणाऱ्या स्त्रियांना पुष्कळदा पहिली सोयीची पडते. तिचा रेघेसारखा व्रण वरच्या केसांखाली झाकला जातो.

शस्त्रक्रियेनंतरच्या कालक्रमाची कल्पना फार थोड्या स्त्रियांना दिलेली असते. लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत बहुतांशी गळून पडतात. मुळे आत राहतात. आसपासचे मूळचे केसही या धक्क्याने काही काळ गळू शकतात. पुरुषाच्या उघड्या टकलावर हे फारसे जाणवत नाही, पण स्त्रीच्या डोक्यावर मूळचे केस असतातच, म्हणून तिला ते ठळकपणे दिसते. तीन-चार महिन्यांनी नवे अंकुर येतात आणि महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या गतीने वाढतात. खरे रूप कळण्यास वर्ष लागते. मुलीचे लग्न तीन महिन्यांवर आले असताना त्या समारंभासाठी म्हणून कोणी ही शस्त्रक्रिया करवून घेतली, तर मांडवात उभी राहताना तिचे केस शस्त्रक्रियेपूर्वी होते त्याहूनही विरळ दिसण्याचा संभव आहे.