वैद्यकाच्या पदवीधराने समाजशास्त्र का शिकावे?

फ्रीगंजातील मराठी घरांत मुलगा किंवा मुलगी एमबीबीएस झाली की अभिनंदनाच्या पेढ्याबरोबरच पुढचा प्रश्न येतो, ‘आता कशात एमडी?’ माझ्या एका जुन्या मित्राच्या कन्येने या प्रश्नाला जे उत्तर दिले, त्यामुळे त्या घरातील वातावरण काही महिने तंग होते. तिला जागतिक आरोग्य आणि सामाजिक शास्त्रे यांचा विद्यापीठात रीतसर अभ्यास करावयाचा होता. मित्र स्वतः शल्यचिकित्सक. इतकी वर्षे शरीर शिकून शेवटी सर्वेक्षणाचे तक्ते भरायचे काय, असे त्याचे म्हणणे. ‘ती तुझे ऐकते, तूच समजाव,’ असे सांगून त्याने ती कामगिरी माझ्यावर सोपविली. मला ती पार पाडता आली नाही. का, ते व्यवसायबंधूंना आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची चिंता वाहणाऱ्या इतर वाचकांना सांगावे, म्हणून हा लेख.

आमच्या पिढीने हा विषय अजिबात शिकला नाही असे नव्हे. ‘प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन’ नावाचा विषय अभ्यासक्रमात होता. त्यावरील पार्क यांचे पाठ्यपुस्तक देशभरातील विद्यार्थी वाचतात आणि ते आपल्याच प्रांतातून, जबलपुरातून, प्रसिद्ध होते. आम्हीही ते वाचले. पण परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात, विहिरीच्या निर्जंतुकीकरणाला ब्लीचिंग पावडर किती लागते एवढे पाठ करण्यापुरते. नावातील ‘सोशल’ या शब्दाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. समाज तर आपल्याला ठाऊकच आहे, आपण त्यातच राहतो, त्यात शिकायचे काय? पंचवीस वर्षे व्यवसाय करूनही माझी ही समजूत फारशी हललेली नव्हती. ती हलविली एका नऊ महिन्यांच्या बालिकेने.

घट्टिया भागातील शेतमजूर कुटुंबातील ही मुलगी दोन दिवसांच्या जुलाबांनी मलूल झाली होती. शरीरातील पाणी फार कमी झालेले नव्हते. जलसंजीवनीची पुडी, चौदा दिवसांचे झिंक, अंगावरचे दूध चालू ठेवणे, सारे नियमाप्रमाणे सांगितले. एक लिटर पाण्यात पुडी विरघळवावी, ही सूचनाही दिली. बाहेर गर्दी होती, पण दिली. आईने मान हलविली. तिसऱ्या दिवशी पहाटे मुलगी आकडी येत असलेल्या अवस्थेत परत आली. रक्तातील सोडियम १६८. ते हळूहळू उतरवीत आणण्यात तीन दिवस गेले आणि मुलगी वाचली. पहिल्याच दिवशी केसपेपरवर मी एक वाक्य लिहिले होते, ‘मातेने सूचना पाळल्या नाहीत.’

मित्राची ही मुलगी तेव्हा इंटर्नशिप करीत होती आणि सुटीच्या दिवशी माझ्याकडे येऊन बसत असे. ती त्या बाईजवळ जमिनीवर बसली आणि म्हणाली, ‘पुडी कशी कालवलीत, मला जरा करून दाखवता?’ बाईने करून दाखविले. मागच्या वर्षी मुलीच्या थोरल्या भावाला जुलाब झाले, तेव्हा औषधांच्या दुकानातून लहान पुडी मिळाली होती. ती एका पेल्यात घालायची होती. या खेपेची पुडी मोठी. मोठी पुडी दोन पेल्यांची असणार, असा हिशेब करून तिने अर्धी अर्धी पुडी एकेका पेल्यात कालविली. घरात लिटर मोजण्याचे भांडे नव्हते. एक लोटा आणि स्टीलचे दोन पेले होते. बाजारात एका पेल्याची आणि एका लिटरची, अशा दोन्ही पुड्या मिळतात हे मला ठाऊक होते. परंतु एकाच घरात वेगवेगळ्या वेळी त्या दोन्ही पोहोचल्या तर काय होईल, याचा विचार मी कधी केला नव्हता. त्या बाईने पूर्वानुभवावरून अनुमान काढले होते. निदान करताना आपण तरी वेगळे काय करतो? केसपेपरवरील ते वाक्य मी नंतर खोडले. मात्र माझ्या मनातून ते अद्याप गेलेले नाही.

येथे कोणी म्हणेल की, याला विद्यापीठ कशाला हवे? थोडी आपुलकी आणि थोडा वेळ पुरे. मीही तिला हेच म्हटले होते. तिचे उत्तर असे, ‘काका, एका बाईची हकीकत कळायला आपुलकी पुरे. पण उज्जैन जिल्ह्यात अशा किती घरांत असे कालवतात, हे कसे कळणार?’ या प्रश्नापाशी चांगला डॉक्टर असणे अपुरे पडते. किती घरे पाहावीत, ती कशी निवडावीत, उत्तर न सुचविता प्रश्न कसा विचारावा, लोक सांगतात एक आणि करतात दुसरे ते कसे टिपावे, आणि एक हकीकत हा अपवाद की नियम हे कशावरून ठरवावे, याच्या रीती आहेत. त्या शिकाव्या लागतात. हृदयाची कुरकुर ऐकण्यास जसे कान तयार करावे लागतात, तसेच हे आहे.

आपल्या मराठी वैद्यकाला ही वाट नवी नाही. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियात एमडी मिळविली, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिविद्या हा होता. म्हणजे आपल्याकडील प्रसूतीचे ज्ञान आणि रूढी. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरचे पदवीधर. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून ते १९७० साली जामखेडला आले. लोकांची पहिली गरज औषध नसून पाणी आणि अन्न आहे, हे त्यांनी ओळखले, आणि गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका केले. १९७८ साली अल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्यसेवेची जी जागतिक घोषणा झाली, तिच्यामागे ज्या अनुभवांचे बळ होते त्यांत जामखेड होते.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला अधिक जवळचे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे नागपूरचे एमडी. वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत काम केल्यानंतर तेही जॉन्स हॉपकिन्सला गेले आणि १९८६ च्या सुमारास गडचिरोलीत त्यांच्या ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू झाले. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा दोन गावांतील स्त्रियांविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. रुग्णालयात बसून हे कधीच दिसले नसते, कारण त्या स्त्रिया रुग्णालयात येतच नव्हत्या. पुढे बालकांच्या न्यूमोनियासाठी त्यांनी श्वास मोजण्याचे एक साधन केले. दहा-बारापलीकडे मोजता न येणाऱ्या दाईसाठी मिनिटभराची वाळूची घटी आणि मणी. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा आणि तांबड्या मण्यापर्यंत पोहोचले की औषध द्यायचे. दाईला मोजता येत नाही अशी तक्रार करीत न बसता, तिला जेवढे मोजता येते तेवढ्यावर साधन बेतले. माझ्या पुडीच्या प्रकरणात नेमका हाच विचार नव्हता.

१९९९ साली नवजात बालकांच्या घरगुती सेवेचा त्यांचा निबंध आला, तेव्हा मी नुकताच एमडी झालो होतो आणि, खरे सांगायचे तर, तो वाचून मनातून रागावलो होतो. नवजात बालकाचा जंतुसंसर्ग म्हणजे काचेची पेटी, सलाईन आणि अहोरात्र तज्ज्ञ, असे आम्ही शिकलेलो. खेड्यातील बाईच्या हाती जेंटामायसिनचे इंजेक्शन? परंतु त्यांनी ३९ गावांत ही सेवा दिली होती आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली होती. प्रत्येक जन्माची आणि प्रत्येक मृत्यूची नोंद होती. तिसऱ्या वर्षी तुलनेतील गावांपेक्षा नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. अशा आकड्यांपुढे राग टिकत नाही. २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्ती नवजात बालकाच्या घरी भेटी देऊ लागल्या, त्या धोरणाची मुळे या गावांत आहेत. या निबंधात हृदयाची तळमळ होती यात शंका नाही. पण तुलनेची ४७ गावे ठेवणे तळमळीने सुचत नाही, ते शिक्षणाने सुचते.

हे सारे दूर विदर्भात झाले, आपला काय संबंध, असे वाटेल म्हणून उज्जैनकडे येतो. भरतपुरीत मध्य प्रदेश सामाजिक विज्ञान संशोधन संस्था आहे. आमच्या फ्रीगंजच्या टॉवरपासून ती फार लांब नाही, पण आपल्यापैकी किती डॉक्टर तिची पायरी चढले आहेत? मी स्वतः चढलो नव्हतो. २००१ साली सुरू झालेल्या आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालयाचे, स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटशी जागतिक आरोग्याच्या क्षेत्रात दीर्घ सहकार्य आहे. वैद्यकाचे नोबेल ज्या संस्थेतून जाहीर होते तीच ही संस्था. पालवा परिसरातील सुमारे साठ गावांची नियमित पाहणी त्यातून उभी राहिली आणि उज्जैनच्या काही डॉक्टरांनी कॅरोलिन्स्काची पीएचडीही मिळविली.

याच सहकार्यातून २०११ साली प्रसिद्ध झालेला एक निबंध आपल्या मंडळातील प्रत्येकाने वाचावा असा आहे. उज्जैनमध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना जुलाबांसाठी लिहून दिलेल्या ८४३ चिठ्ठ्या त्यात तपासल्या होत्या. ७१ टक्के चिठ्ठ्यांत प्रतिजैविक होते. मार्गदर्शक तत्त्वांनुसार केवळ जलसंजीवनी आणि झिंक, त्याखेरीज काही नाही, अशा चिठ्ठ्या होत्या सहा. सहा टक्के नव्हे. ८४३ पैकी सहा.

तो वाचून मी माझ्या शंभर चिठ्ठ्या काढून मोजल्या. निम्म्याहून अधिक चिठ्ठ्यांत प्रतिजैविक होते. मला नियम ठाऊक नव्हते काय? मी ते तरुण डॉक्टरांना शिकवितो. मग असे का लिहितो? तराण्याहून बसने आलेली आई दिवसाची मजुरी बुडवून आलेली असते. तिला नुसती पांढरी पूड दिली तर ‘डॉक्टरसाहेबांनी औषधच दिले नाही’ असे म्हणून ती कोपऱ्यावरच्या इंजेक्शनवाल्याकडे जाईल, ही भीती. मूल परत आले तर दोष आपल्यावर येईल, ही दुसरी. यांतील एकही कारण औषधशास्त्राच्या पुस्तकात नाही. म्हणून औषधशास्त्राची आणखी शंभर व्याख्याने ऐकवूनही ती चिठ्ठी बदलणार नाही. डॉक्टर हादेखील समाजाचा घटक आहे आणि त्याचे वागणे हाही अभ्यासाचा विषय आहे, हे मान्य करणे आपल्याला जड जाते. रुग्णाचा अभ्यास व्हावा, आपला नको!

आता व्यावहारिक बाजू. या शिक्षणात साथरोगशास्त्र, जैवसांख्यिकी, आरोग्याचे अर्थशास्त्र, मानवशास्त्र, नीतिशास्त्र आणि शासकीय धोरण असे विषय असतात. आपल्या देशात त्रिवेंद्रमच्या अच्युत मेनन केंद्रात १९९७ साली एमपीएच सुरू झाले. मुंबईत देवनारला, १९३६ साली स्थापन झालेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेत असे अभ्यासक्रम आहेत, आणि तिच्या शेजारीच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम पाहणारी लोकसंख्याविज्ञान संस्था आहे. परदेशातील शिक्षण महाग आहे. शिष्यवृत्ती नसेल तर कर्ज काढून तेथे पाठविण्याचा सल्ला मी देणार नाही. ही पदवी एमडीसारखी विशेषज्ञाची पदवी नव्हे. तिच्यावर दवाखान्याची पाटी लागत नाही आणि उत्पन्नही, निदान आरंभी, तसे नसते. मित्राची काळजी निराधार नव्हती.

दुसरा एक आक्षेप माझा स्वतःचा आहे. ‘जागतिक आरोग्य’ या नावाखाली पुष्कळदा श्रीमंत देशांची विद्यापीठे प्रश्न ठरवितात आणि आपली गावे माहिती पुरवितात. निबंध छापून येतो, लेखकाला बढती मिळते, गावाला पुन्हा एक प्रश्नावली मिळते. माझ्या मते याला एकच उपाय आहे. प्रश्न विचारणारी माणसे येथलीच असली पाहिजेत. माळवी समजणारी, पुडी आणि पेला ठाऊक असलेली. तशी माणसे हवी असतील तर आपल्या घरांतून कोणी तरी गेले पाहिजे. मित्राजवळ मी एवढेच बोललो. त्याने त्या दिवशी काही उत्तर दिले नाही.

पुढच्या पावसाळ्यात ती देवनारला गेली. माझ्या दवाखान्यात आता एक लिटरची खूण केलेले भांडे आणि दोन पेले ठेवले आहेत. औषध देण्यापूर्वी कंपाउंडर आईकडून पुडी कालवून घेतो. त्याला वेळ लागतो आणि बाहेरचे लोक कुरकुरतात. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. प्रबंधासाठी तिला जुलाबांच्या दोन वर्षांच्या चिठ्ठ्या हव्या आहेत, रुग्णांची आणि डॉक्टरांची नावे झाकून. तिच्या संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी आली की देईन, असे मी कळविले. कार्बन प्रतींचे गठ्ठे बांधून ठेवले आहेत. त्या माझ्या आहेत हे तिला अक्षरावरून ओळखता येईलच. तिच्या वडिलांनीही आपल्या चिठ्ठ्या देऊ केल्या. हर्निया आणि मूळव्याधीच्या चिठ्ठ्यांचा तिला काय उपयोग, असे मी विचारले, तर म्हणाला, ‘राहू दे, पुढे कधी लागतील.’