लोणारच्या खाऱ्या गाळातील जीवसृष्टी

खारवट, चोपण जमिनीत पीक धरत नाही, हे आम्हा शेतकऱ्यांच्या मुलांना पुस्तकाआधीच ठाऊक असते. त्यामुळे जिथे क्षार तिथे जीव नाही, असा आपला समज होतो. हा समज किती अपुरा आहे, ते शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर दाखवून देते.

उल्काघाताने बेसाल्ट खडकात पडलेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या खळग्यात हे सरोवर आहे. पाणी आत येते, पण त्याला बाहेर वाट नाही. उन्हाने पाणी उडते व क्षार मागे राहतात. सोड्यामुळे त्याचा सामू १० च्या आसपास भरतो.

अशा ठिकाणी जिवाणूपुढे पहिला प्रश्न पाणी टिकविण्याचा असतो. मिठात कैरीच्या फोडी आकसतात, तशी पेशीही आकसू लागते. म्हणून अनेक जिवाणू बीटेनसारखी द्रव्ये आत साठवून तोल राखतात. ते मेल्यावर ही द्रव्ये कुजतात व मिथिलअमाइन तयार होते; त्यापासून काही सूक्ष्मजीव मिथेन वायू बनवितात. ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे सहा अणू असतात; मिथेन, मिथेनॉल व मिथिलअमाइन यांत एकच. असा एकेक अणू जोडून देह घडविणारे जिवाणूही याच गाळात आहेत.

ते ओळखावे कसे? पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठ येथील संशोधकांनी गाळाला जड कार्बन असलेला मिथेन, मिथेनॉल व मिथिलअमाइन दिले. ज्यांनी ते खाल्ले, त्यांचे डीएनए जड झाले व वेगळे काढता आले. हे संशोधन २०१० साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१२ मध्ये येथील एका नव्या जातीला ‘मिथायलोफॅगा लोणारेन्सिस’ हे नाव मिळाले. ही जात मिथेन खात नाही, मिथेनॉल व मिथिलअमाइन यांवर जगते. मिथेन खाणारे जिवाणू निराळे. मिथेन हा कार्बन डायऑक्साइडहून कितीतरी अधिक उष्णता धरणारा वायू. तो गाळातच अडविणारे हे जीव आपल्या नकळत मोठे काम करीत आहेत.

जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले, तेव्हा मीठप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे ते घडल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले. रंग पाहण्यास गर्दी झाली. गाळाकडे कोण पाहणार? सांडपाणी व गोडे पाणी वाढून खारेपणा उतरला, तर खारेपणावरच जगणारी ही सृष्टी संपेल. ओसाड दिसणाऱ्या जागेला निरुपयोगी ठरविण्यापूर्वी तेथे कोण राहते, हे विचारण्याची सवय आपण विद्यार्थ्यांनी लावून घेतली पाहिजे.