प्रश्नावली आणि निदान

ज्याचे चित्त वर्गात ठरत नाही, त्यास आपण चटकन ‘आळशी’ म्हणून मोकळे होतो. वैद्यकशास्त्र अशी घाई करीत नाही. एडीएचडी, म्हणजे अवधानाची उणीव व अतिचंचलता, यांची शंका येताच डॉक्टर पालक व शिक्षक या दोघांकडूनही प्रश्नावली भरून घेतात; कारण लक्षणे एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात. प्रौढ ती स्वतः भरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रौढांसाठीच्या प्रश्नावलीत १८ प्रश्न असून त्यांतील पहिले ६ चाळणीचे होत. लक्षणे १२ वर्षे वयापूर्वी होती काय, हेही डॉक्टर पाहतात. तथापि प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. अपुरी झोप, चिंता वा श्रवणदोष यांमुळेही लक्ष उडते; म्हणून मुलाखत व तपासणी आवश्यकच. दोष देण्यापूर्वी विचारपूस करावी, हा धडा आपणही घ्यावा.