एवढ्यात सगळं नको लिहूस

अगं, आधी तो कागद बाजूला ठेव. शोकसभेत आत्याबद्दल काय बोलायचं म्हणून तू रात्र रात्र जागतेयस, आणि दिवसा पाहुण्यांचा चहा, भटजींची यादी, बँकेचे कागद हे सगळं तुझ्याच गळ्यात. एवढ्या धांदलीत माणूस नीट आठवत नाही बघ. म्हणून काही प्रेम कमी ठरत नाही. तुझ्या त्या आत्या, माझ्या त्या शाळेतल्या बाई, तेव्हा थोडं हक्काने सांगते.

तुला सगळ्यात जास्त टोचतंय ते मला ठाऊक आहे. वेळेवर पोचता आलं नाही. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद, वडखळला गाड्यांची रांग, तू तरी काय करणार होतीस? कुणीतरी ओटीवर बसून म्हणालं, "शेवटचं तोंडही बघितलं नाही हिने." म्हणू देत. आपल्याच पेण तालुक्यातल्या गागोद्याच्या विनोबांचं ऐक. त्यांची आई रुक्मिणीबाई 24 ऑक्टोबर 1918 ला बडोद्याला गेली, इन्फ्लुएंझाच्या साथीत. अंत्यविधी पुरोहिताकडून न करता आपणच करावा असं त्यांचं म्हणणं होतं. घरच्यांना ते पटलं नाही, म्हणून ते स्मशानात गेलेच नाहीत. घरी बसून वेद वाचत राहिले. आपलं मन घडवण्यात आईचा वाटा सगळ्यात मोठा, असं जन्मभर सांगणारा मुलगा गं हा! स्मशानात कोण होतं, कोण नव्हतं यावरून माया मोजायला गेलं तर त्यांनाही नापास करावं लागेल.

आणि ही रुक्मिणीबाई शाळेतली बाई नव्हे. साधी घरातली बाई, पण शिकवणं तिचंच. तुळशीला पाणी घातल्याशिवाय मुलाला जेवायला मिळायचं नाही. एकदा तिने देवाला लाख तांदूळ वाहायचे ठरवले आणि रोज एकेक दाणा मोजायला बसायची. विनोबांचे वडील हिशेबी माणूस. ते म्हणाले, तोळाभर तांदूळ मोज, त्यावरून लाखाचं वजन काढ, कमी पडायला नको म्हणून वर अर्धा तोळा टाक, झालं. तिला त्यावर उत्तर देता आलं नाही, तिने विन्याला विचारलं. तो म्हणाला, हे गणित नाहीच आई, एकेका दाण्याबरोबर देवाचं नाव निघतं, तू मोजच. मला ही गोष्ट फार आवडते. कुणी कुणाला शिकवलं ते यात सांगताच येत नाही.

खरं सांगू का, ती वाचली की मला आपल्या बाईच दिसतात. श्रावणात मोड आलेले वाल परातीत घेऊन ओटीवर बसायच्या आणि आजूबाजूला आम्ही पोरं. साल काढलेली डाळिंबी हिरवट पांढरी, बोटांना बुळबुळीत, जरा जोर केला की दोन दलं वेगळी. "अख्खी ठेवा, बिरड्याचा लगदा करायचा नाहीये मला," म्हणायच्या. मग चारचे ढीग. चार ढिगांतला एक उचलला की पाव, दोन उचलले की निम्मे, तीन उचलले की पाऊण. पावकी, निमकी, पाऊणकी आम्ही फळ्यावर शिकलोच नाही, परातीत शिकलो. आणि ज्याचा हिशेब चुकायचा त्याला शिक्षा नाही, फक्त तो ढीग त्याने पुन्हा मांडायचा. बाई शांतपणे पुढचा वाल सोलत असायच्या, कितीही वेळ लागो.

हे बोल ना सभेत. एवढंच बोल. "त्या थोर होत्या, त्यागमूर्ती होत्या" हे म्हणायला सरपंच आहेत, केंद्रप्रमुख आहेत. परात आणि वाल मात्र तू आणि मीच सांगू शकतो. बाकीचं राहू दे, त्याला घाई नाही. आईने विनोबांकडे साधी मागणी केली होती, मला कळेल अशा मराठीत गीता दे. त्यांनी आधी गद्य भाषांतर आणून दिलं, मग वामन पंडितांची समश्लोकी. ती तिला जड गेली, तर म्हणाली, तूच का करत नाहीस? गीताई लिहायला घेतली ती 7 ऑक्टोबर 1930 ला, पुरी झाली 6 फेब्रुवारी 1931 ला. आई जाऊन बारा वर्षं उलटली होती. आणि तू तेराव्याच्या आत आत्याचं सगळं आयुष्य कागदावर उतरवायला निघालीस होय?

आता घरचं बघ. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत 21 दिवसांच्या आत झाली पाहिजे, ती आधी कर आणि दाखल्याच्या चार-पाच प्रती घे. पेन्शनच्या बँकेला लगेच कळव, कारण नंतर खात्यात आलेली जास्तीची रक्कम परत करावी लागते आणि तेव्हा फार मनस्ताप होतो. वह्या आणि हजेरीचे जुने कागद माळ्यावर मुळीच टाकू नकोस, आपल्याकडच्या दमट हवेत वाळवी महिन्याभरात फडशा पाडते. ऊन पडेल तसे पसर, कडुलिंबाचा पाला घालून पत्र्याच्या पेटीत भर.

साड्यांचा गठ्ठा बघून रडू येतं म्हणालीस. ये रडू, पण गठ्ठा बांधून ठेवू नकोस. विनोबांनी आईची एक साडी आणि तिच्या पूजेतली अन्नपूर्णा जवळ ठेवली होती. पुढे खादीचं व्रत घेतल्यावर साडी खादीची नाही म्हणून साबरमतीत सोडली, आणि मूर्ती आश्रमातल्या एका बाईंना पूजेसाठी दिली. तू मात्र खाडीत काही सोडू नकोस हं. एक साडी तू घे, तीही वापरायची, कपाटात ठेवायची नाही. बाकीच्या ज्या बायका आत्याकडे यायच्या त्यांना स्वतः जाऊन दे.

आणि त्यात ती कोळीण, बाजारात मांदेली घेऊन बसते ती. बाईंनी तिला सही करायला शिकवली, मग हिशेबाची वही ठेवायला. सभेत पहिलं तिला बोलू दे, सरपंचांच्याही आधी. ऐनवेळी विचारलंस तर लाजेल आणि नाही म्हणेल, म्हणून आदल्या दिवशी दुपारी मासळी संपल्यावर गाठ. सभेनंतर घरी परतायला तिला उशीर होईल, रिक्षा सांगून ठेव. पैसे मी देते, त्यावरून वाद घालू नकोस.