चिमणी उड्या मारते, साळुंकी चालते

खळ्यावर दाणे सांडले म्हणजे चिमण्या व साळुंक्या एकदमच उतरतात. चिमणी दोन्ही पाय जुळवून टुणटुण उड्या मारते. साळुंकी एकामागून एक पाय टाकीत पाटलाच्या ऐटीनें चालते. मऊ धुळींत उमटलेलीं त्यांचीं पावलें वाचकांनीं अवश्य पाहावीं. चिमणीच्या ठशांच्या जोड्या पडतात, साळुंकीचे ठसे एकाआड एक पडतात. असें कां व्हावें?

पुष्कळ लोक याचें उत्तर तत्काळ देतात. लहान पक्ष्याचे पाय आंखूड. पावलापावलानें जाण्यापेक्षां एका उडीनें तो अधिक अंतर तोडतो. मोठ्या पक्ष्यास प्रत्येक उडीला सर्व देहाचा भार उचलावा लागतो, व उतरतांना त्याचा हिसका पायांस सोसावा लागतो. म्हणून मोर, कोंबडी, बगळा हे चालतात. या म्हणण्यांत तथ्य आहे, पण एवढ्यावर थांबणें आम्हांस बरें वाटत नाहीं. हिंवाळ्यांत नदीकांठीं शेंपटी वरखालीं हालवीत फिरणारा धोबी पक्षी घ्या. त्याचें वजन चिमणीहून अधिक भरत नाहीं, तरी तो भरभर चालतो. आणि सातभाई चिमणीहून कितीतरी भारी, पण झाडाखालचा पाचोळा उलथीत ते उड्याच मारतात!

तेव्हां वजनाबरोबर वस्तीही पाहिली पाहिजे. फांदीवरून फांदीवर जातांना मध्यें पोकळी असते. ती पायापुढें पाय टाकून ओलांडतां येत नाहीं, दोन्ही पायांनीं झेपच घ्यावी लागते. बुलबुल, दयाळ, सातभाई हे झाडाझुडपांत वावरणारे. ते जमिनीवर उतरले तरी फांदीवरची चाल सोडीत नाहींत. चंडोलाचें याच्या उलट आहे. तो माळावर चरतो, घरटेंही जमिनीवरच करतो, आणि चालतो. त्याच्या मागच्या बोटाची नखी लांब व बहुधा सरळ असते; फांदीला मिठी घालण्याजोगी ती वांकडी नसते.

शाळामास्तरांनीं मुलांस येथें आणखी एक गोष्ट दाखवावी. पक्ष्याचा जो गुडघा मागें वळलेला दिसतो तो गुडघा नव्हे, घोटा होय. खरा गुडघा वर पिसांखालीं झांकलेला असतो. पक्षी चालो किंवा उडी मारो, तो बोटांवरच उभा असतो.

आतां कोणी म्हणेल, चिमणी तर दिवसाचा बराच वेळ जमिनीवर दाणे टिपते, मग ती कां चालत नाहीं? हा आक्षेप खरा आहे. ज्या कुळांत जी चाल पूर्वापार आली, ती राहणी बदलली तरी लवकर सुटत नसावी, असें आम्हांस वाटतें. शिवाय घाईप्रमाणेंही चाल बदलते. कावळा दोन्ही रीती जाणतो. धास्ती नसली म्हणजे तो सावकाश पावलें टाकतो. भाकरीचा तुकडा दिसला आणि जवळ कुत्रें असलें, कीं तिरप्या उड्या घेत पुढें येतो व तसाच मागें सरतो.