सकस आहार आणि मिठाचा हिशेब

गेल्या कांहीं महिन्यांत आमच्या सभासद बंधूंकडून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारण्यांत आला आहे. तो असा, कीं ज्याच्या घरीं ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, पालेभाजी व ताक एवढाच आहार आहे, हॉटेलचें खाणें नाहीं, पाकिटांतलें अन्न नाहीं, त्यानें सोडियमची धास्ती कां बाळगावी? दवाखान्यांत रक्तदाब मोजून परत येणारा बहुधा प्रत्येक जण ‘मीठ कमी करा’ हा उपदेश घेऊन येतो. आणि घरीं आल्यावर, आपलें जेवण निर्मळ आहे, तेव्हां हा उपदेश शहरवाल्यांसाठीं असावा, अशी स्वतःची समजूत घालतो. ही समजूत अर्धी बरोबर आहे. उरलेला अर्धा भाग कोठें चुकतो तें येथें पाहावयाचें आहे.

सोडियम हें नांव शेतकऱ्यास नवें नाहीं. नीरेच्या वा प्रवरेच्या कालव्याखालीं ज्यांच्या जमिनी चोपण झाल्या त्यांस तें चांगलेंच परिचयाचें आहे. मातीच्या बारीक कणांवरील कॅल्शियमची जागा सोडियमनें घेतली कीं पाणी मुरेनासें होतें आणि वाळल्यावर ढेकूळ दगडासारखें होतें. अशा जमिनीस शेणखत व ताग यांचा लाभ होतो यांत शंका नाहीं. परंतु जिप्सम घालून व चर काढून सोडियमचा निचरा केल्याखेरीज ती पुरती ताळ्यावर येत नाहीं. शरीराचा व्यवहार मातीहून निराळा आहे, व उपमा फार ताणूं नये. तथापि चांगलें खत देणें आणि नको तो क्षार काढणें हीं दोन कामें आहेत, एकानें दुसरें आपोआप होत नाहीं, एवढें तीवरून ध्यानीं यावें.

मिठाच्या वजनांत शेंकडा सुमारें ४० भाग सोडियम असतें. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ माणसास दिवसाला २ ग्रॅमांपेक्षां कमी सोडियम, म्हणजे ५ ग्रॅमांपेक्षां कमी मीठ, असा दंडक घातला आहे. चहाचा एक सपाट चमचा भरला कीं ही मर्यादा संपते. आपल्या देशांत २०१७-१८ सालीं झालेल्या राष्ट्रीय पाहणींत लोकांच्या लघवीवरून जो अंदाज बांधला गेला, त्याप्रमाणें सरासरी माणूस दिवसाला सुमारें ८ ग्रॅम मीठ खातो. अधिक झालेलें मीठ मूत्रपिंडें बाहेर टाकतात खरीं. पण तें पुरतें जाईपर्यंत त्याच्याबरोबर पाणीही शरीरांत धरून ठेवलें जातें, रक्ताचें आकारमान वाढतें, आणि वर्षानुवर्षें असें चाललें म्हणजे पुष्कळांचा रक्तदाब चढाच राहतो.

आतां मूळ प्रश्न. त्याचें नेमकें उत्तर अमेरिकेंत २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगानें दिलें आहे. ४१२ माणसांचे दोन गट करून एकास तेथील नेहमींचें जेवण व दुसऱ्यास फळें, भाज्या, कडधान्यें व कमी स्निग्धांशाचें दूध यांनीं भरलेलें सकस जेवण देण्यांत आलें. प्रत्येक गटानें एकेक महिना दिवसाला सुमारें ८, ६ व ४ ग्रॅम असें निरनिराळें मीठ खाल्लें. सर्वांत अधिक मिठावरून सर्वांत कमी मिठावर आल्यानें नेहमींचें जेवण जेवणारांचा वरचा रक्तदाब सरासरीनें ६.७ अंशांनीं उतरला. सकस जेवण जेवणारांचा ३ अंशांनीं. म्हणजे चांगल्या आहारानें मिठाचा उपद्रव निम्म्याहून कमी झाला, पण नाहींसा झाला नाहीं. आणि सर्वांत अधिक लाभ ज्यांनीं दोन्ही गोष्टी केल्या त्यांस झाला. यांतील बरेंचसें श्रेय पालाशाचें मानलें जातें. खताच्या पोत्यावर आपण ज्याचें प्रमाण वाचतों तोच हा पालाश, म्हणजे पोटॅशियम. कडधान्यें, पालेभाज्या, केळीं, शहाळें यांत तो विपुल असून सोडियम बाहेर टाकण्यास तो मूत्रपिंडांस साह्य करतो.

विलायती पुस्तकांत ‘पाकिटावरील मजकूर वाचा’ असा सल्ला असतो, कारण त्या देशांत बहुतेक मीठ कारखान्यांतील अन्नांतून पोटांत जातें. आपल्याकडे तें मुख्यतः आपल्याच हातानें जातें. त्याचा मार्ग पाहावयाचा असल्यास मुंबईंतील करी रोडसारखें दुसरें ठिकाण नाहीं. (या नांवाचा कोणत्याही रश्श्याशीं संबंध नाहीं, जुन्या रेल्वे कंपनीच्या करी नामक अधिकाऱ्यावरून तें पडलें आहे.) कोंकणांतील व घाटावरील असंख्य कुटुंबांचे भाऊबंद एके काळीं या भागांतील चाळींतून राहून गिरणीस जात. स्थानकावरून लालबागकडे चालत गेलें कीं मसाला गल्ली लागते. चैत्र-वैशाखांत तेथें वर्षाच्या मसाल्यासाठीं मिरच्या, धणे, खडा मसाला निवडून, भाजून डंकावर कुटून घेण्यास गर्दी लोटते, आणि जवळून जाणारा शिंकल्यावांचून सुटत नाहीं. मालवणी मसाला कोरडा असतो, त्यांत सहसा मीठ नसतें. सातारा-कोल्हापूरकडील कांदा-लसूण मसाल्यांत मात्र तो टिकावा म्हणून मीठ घालतात. मग तोच मसाला कालवणांत पडतो व कालवणास पुनः वेगळें मीठ घातलें जातें. पुष्कळ घरांत हें दुहेरी मीठ कोणाच्या लक्षांतही आलेलें नसतें.

पुढें चिवडा गल्ली आहे, तिच्याविषयीं फार सांगावयास नको. फरसाणांत मीठ असतें हें जिभेस कळतें. जें जिभेस कळत नाहीं तें पापडांत असतें. पापडखार हा सोडियमचाच क्षार आहे, पण मिठासारखा खारट लागत नाहीं. भज्यांत टाकलेल्या सोड्याचीही तीच गोष्ट. गांवाहून चाळींत जाणारें गाठोडें तरी काय असे? पापड, कुरडया, सांडगी मिरची, लोणचें, आणि कोंकणांतून खारा बांगडा. (बोंबील बहुधा नुसता उन्हांत वाळवितात, त्याला बांगड्याच्या पंक्तीस बसवूं नये.) लोणच्याच्या फोडींस त्यांच्या वजनाच्या शेंकडा पंधरा ते वीस मीठ लागतें, नाहींतर बुरशी येते, म्हणून खारासह एक मोठी फोड पानांत घेतली कीं सुमारें दोन ग्रॅम मीठ, दिवसाच्या मर्यादेचा दोनपंचमांश, त्या कोपऱ्यांतूनच गेलें. ‘तोंडीं लावणें’ या शब्दानें आपण त्याला फार हलकें ठरविलें आहे.

हें खाणें ज्यांचें होतें त्यांचा घाम मात्र खरा होता. सूत तुटूं नये म्हणून विणकाम खात्यांत हवा मुद्दाम दमट ठेवीत, आणि तेथें पाळी भरणाऱ्याचा सदरा पिळून काढावा असा होई. लिटरभर घामाबरोबर एक ग्रॅमापासून चार-साडेचार ग्रॅमांपर्यंत मीठ जाऊं शकतें. भर उन्हांत पात धरणाऱ्या माणसाचेंही तसेंच. अशा माणसास खारट कालवण गोड लागे यांत नवल नाहीं. परंतु १९८२ च्या जानेवारींत गिरण्यांचा संप झाला, पुढें गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि त्याच कामगाराचा मुलगा थंड हवेच्या कचेरींत बसूं लागला. घाम थांबला, मसाला, पापड व लोणचें तीं तींच राहिलीं. गांवीं तरी निराळें काय घडलें आहे? ज्यानें नांगर धरला त्याचा नातू आज ट्रॅक्टरवर बसतो, किंवा बांधावर उभा राहून मजुरांकडून काम करवून घेतो. आमचें स्पष्ट मत आहे, कीं जमीनदार शेतकऱ्यानें मजुराच्या घामाचें मीठ आपल्या ताटांत घेऊं नये.

याचा अर्थ मजुराच्या ताटांतून तें काढावें असा कोणी करूं नये. गरिबाच्या मिठावर कर नको म्हणून १९३० सालीं शिरोड्यास व करी रोडहून फार दूर नसलेल्या वडाळ्याच्या मिठागरांवर माणसांनीं लाठ्या खाल्ल्या. तो कर १९४७ सालीं उठला. वैशाखांत दिवसभर राबणाऱ्यास ताकांत वा पन्ह्यांत चिमूटभर मीठ योग्यच आहे. मात्र कांहीं दिवस उन्हांत काम केल्यावर शरीर घामांतून मीठ कमी सोडूं लागतें, म्हणून त्यालाही मिठाचे खडे चघळण्याचें कारण नाहीं. जुलाब-ओकाऱ्या होत असतां गोष्ट वेगळी. तेव्हां लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून तें वरचेवर पाजावें.

आपल्या घरचें मीठ मोजण्यास वैद्य लागत नाहीं. पांच माणसांच्या घरांत माणशीं ५ ग्रॅम म्हटल्यास दिवसाला २५ ग्रॅम झालें. म्हणजे एक किलोची पिशवी चाळीस दिवस पुरली पाहिजे. पिशवी फोडली त्या दिवशीं तिच्यावर तारीख लिहावी. ती पंचविसाव्या दिवशीं संपली तर माणशीं ८ ग्रॅम होत आहे हें उघड आहे, आणि लोणचें-पापडांचें जाडें मीठ, बाहेरचा पाव व फरसाण यांची भर त्यावर निराळी. मीठ एकदम तोडूं नये; घरांतील माणसें रुसतात व दुसऱ्या आठवड्यांत सर्व पूर्ववत् होतें. महिन्यास थोडें थोडें कमी केल्यास जिभेची संवय बदलते. भाकरीच्या व भाताच्या पाण्यांतील मीठ प्रथम बंद करावें. कालवणांत चिंच, आमसूल, लिंबू किंचित् वाढवावें. खारा बांगडा भिजत घालून पाणी फेकून द्यावें. आणि कांदा-लसूण मसाला घरचा असेल तर त्या कालवणास वरून मीठ घालण्यापूर्वीं चव पाहावी.

शेवटीं दोन पर्यायांविषयीं. सैंधव व पादेलोण निर्दोष आहे असा पुष्कळांचा ग्रह आहे. पण त्यांतही मुख्य अंश त्याच सोडियमचा असून, वरून मिसळलें नसल्यास आयोडीन मात्र पुरेसें नसतें. दुसरा पर्याय अधिक विचारांत घेण्याजोगा आहे. चीनच्या ग्रामीण भागांत ६०० खेड्यांतील सुमारें २१ हजार माणसांवर झालेल्या व २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, निम्म्या खेड्यांस तीन भाग साधें मीठ व एक भाग पोटॅशियम क्लोराइड असें मिश्रण देण्यांत आलें. तेथें पक्षाघाताचे झटके शेंकडा १४ नीं कमी झाले. तीं माणसें वृद्ध व उच्च रक्तदाबाचीं, किंवा पूर्वीं झटका येऊन गेलेलीं होतीं, आणि घरींच रांधून खाणारीं होतीं. म्हणून हा प्रयोग आपल्यास जवळचा आहे. असें मीठ आपल्याकडेही विकत मिळतें. परंतु ज्यांचीं मूत्रपिंडें दुबळीं झालीं आहेत, किंवा जे रक्तदाबाचीं कांहीं विशिष्ट औषधें घेतात, त्यांच्या रक्तांत पालाश सांचून हृदयास धोका पोहोंचतो. अशांनीं, व दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांनीं, आपल्या डॉक्टरास विचारल्यावांचून तें घरांत आणूं नये.